अल्प व्ययांत स्वयंपाकघराची शोभा

आमच्या अवसरी बुद्रुक गांवीं कांद्याचा पैसा हातीं आला, कीं प्रथम ओसरी सजते. गृहिणीचा अर्धा दिवस जेथें जातो, तें स्वयंपाकघर काजळलेलेंच राहतें. महसूल खात्यांत असतांना मीही तेंच केलें. एकदां घरांतून विचारणा झाली, "ओसरी पाहुण्यांची, मग आमचें काय?" उत्तर सुचलें नाहीं.

सेवानिवृत्तीनंतर ती चूक सुधारली. खर्च चुना व गेरू एवढाच. भिंतीची काजळी खरवडावी. चुनकळी आदल्या रात्रीं पाण्यांत सोडावी. ती उकळते, म्हणून डोळे जपावे व मुलांस दूर ठेवावें. सकाळीं गाळून ओलसर भिंतीस दोन पातळ हात द्यावे. हवेंतील कर्बवायु शोषून चुना घट्ट होतो.

नंतर चुन्याच्या निवळींत गेरू कालवून जमिनीलगत वीतभर पट्टा ओढावा. कोनाड्यांसही तीच किनार द्यावी. गेरूचा रंग लोहाच्या गंजाचा असल्यानें तो चुन्यांत फिका पडत नाहीं. पट्ट्यावर चैत्रांगणांतील गोपद्में व कमळें घरच्या स्त्रियांनीं काढावीं. त्यांचा हात त्यांत कसलेला असतो.

कृषकबंधूंनीं येत्या दिवाळीपूर्वीं एक भिंत तरी करून पाहावी. मात्र ओसरीच्या आधीं.