धान तांबूस का पडते?

झाडीपट्टीत रोवणी आटोपली म्हणजे पुढचे दोन-तीन आठवडे शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. बांध्या पाण्याने भरलेल्या असतात, रोपाने मूळ धरलेले असते, आणि ज्याच्यासाठी आषाढभर आभाळाकडे पाहिले तो पाऊसही बहुधा आलेला असतो. नेमक्या याच सुमारास एखाद्या बांधीतले रोप थबकते. खालच्या पानांच्या शेंड्यांवर बारीक तपकिरी ठिपके उमटतात, ते देठाकडे सरकतात, आणि पाहता पाहता सारी बांधी गंज चढल्यासारखी तांबूस दिसू लागते. बांधापलीकडचे शेत मात्र हिरवेगार असते. शेतकरी घाबरून दुकानात जातो आणि युरियाची एक गोणी व करप्यावरच्या औषधाची एक बाटली घेऊन येतो. पुष्कळदा त्या दोहोंचाही उपयोग होत नाही. तो का होत नाही, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आम्ही योजिले आहे.

आपण जमीन म्हणून जी ओळखतो ती उन्हाळ्यातली, कोरडी, भेगाळलेली जमीन होय. तिच्यावर पाणी बांधून चिखलणी केली की ती रसायनदृष्ट्या निराळीच वस्तू होते. मातीच्या पोकळ्यांतील हवा निघून जाते, आणि उरलासुरला प्राणवायू सूक्ष्म जंतू एक-दोन दिवसांत संपवितात. पण जंतूंना श्वास तर घ्यावयाचाच असतो. मग ते प्राणवायूऐवजी क्रमाने इतर पदार्थ वापरू लागतात: प्रथम नायट्रेट, मग मँगेनीज, मग लोह आणि शेवटी गंधकाचे क्षार. या क्रमात लोहाची पाळी आली म्हणजे गोष्ट बदलते. कोरड्या जमिनीतले लोह गंजाच्या रूपात असते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून कोणास बाधतही नाही. बुडालेल्या मातीत त्याच गंजाचे विरघळणारे लोह बनते. एका हेक्टराच्या वरच्या वीतभर थरात वीस लाख किलो माती धरली आणि तीत लोह केवळ दोन टक्के मानले, तरी ते चाळीस हजार किलो भरते. चार टन धानाच्या पिकाला त्यातले लागते अवघे दोन किलोच्या आसपास! तेव्हा प्रश्न लोह आहे की नाही हा नसून, ते किती विरघळले आणि मुळाने त्यास कसे अडविले, हा आहे.

धानाचे मूळ त्यास अडविते, हे या पिकाचे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल. पानांतून आलेली हवा धान आपल्या पोकळ नळ्यांतून मुळापर्यंत नेते, आणि मुळाभोवतीच्या लोहाचा तेथल्या तेथे गंज करून टाकते. निरोगी धानाच्या मुळांवर पातळ तांबूस लेप दिसतो तो हाच. ही राखण चालू आहे तोवर काळजी नाही. ती मोडली, की लोह आत शिरून पानांत साठते. लंकेतल्या शेतांत धान असे तांबूस पडे; त्याचे कारण लोहाचे विष होय, असे पोन्नमपेरुमा व त्यांचे सहकारी यांनी 1955 साली दाखवून दिले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, कुरखेडा हा सारा उताराचा प्रदेश आहे. वर जंगलाचा माथा, त्याखाली वर्डी-खरडीच्या हलक्या जमिनी, मग मोरंड, आणि सर्वांत खाली सखल, भारी कन्हार. ही नावे शेतकऱ्यांनीच ठेविली असून त्यांत पुष्कळ शास्त्र आहे. पावसाचे पाणी माथ्यावरून मुरत खाली येते व उताराच्या पायथ्याशी पाझरून निघते. येताना ते आपल्याबरोबर विरघळलेले लोह आणते. म्हणून पायथ्याच्या, ज्यांतून पाणी कधी हटत नाही अशा बांध्या प्रथम तांबूस पडतात. अशा जागी पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग दिसतो. त्यात काडी फिरवून पाहावी. खरे तेल असेल तर तवंग पुन्हा जुळतो; लोहाचा असेल तर त्याचे तुकडे होऊन ते तसेच राहतात.

लोहारा आणि सुरजागड येथे लोहखनिजाचे डोंगर आहेत, तेव्हा हा दोष त्यांचाच असणार, असे कोणी म्हणेल. ते सरळसोट खरे नव्हे. डोंगरातले घट्ट खनिज चिखलात फार हळू विरघळते. झटकन विरघळतो तो मातीतला ताजा, भुसभुशीत गंज, आणि तो खनिजाच्या डोंगरापासून कोसभर दूरच्या शेतातही असतो. खाणीतून वाहून येणारा लाल गाळ शेतावर पसरतो ते नुकसान निराळे. त्याचा विचारही निराळा करावा लागेल.

तांबूस दिसणारे प्रत्येक धान मात्र लोहाने बाधलेले नसते. यशवंत लक्ष्मण नेने यांनी 1966 साली पंतनगर येथे हिमालयाच्या तराईतल्या ‘खैरा’ रोगाचे मूळ शोधले. तेव्हा तो रोग जंतूचा नसून जस्ताच्या उणिवेचा निघाला. चार टन धानाला जस्त लागते ते सुमारे दोनशे ग्रॅम, म्हणजे एक मोठी मूठ. पण तेवढ्यावाचून पीक बसते. चुनखडीच्या भारी जमिनीत, सतत बुडालेल्या बांधीत, आणि स्फुरद वारेमाप घातलेल्या शेतात ही उणीव विशेष दिसते. ओळखावयाची खूण अशी की, जस्त कमी पडले तर कोवळ्या पानाची मधली शीर बुडाशी फिकट पडते आणि रोपे उंचसखल, खुरटी राहतात. लोहाचे दुखणे जुन्या, खालच्या पानाच्या शेंड्यापासून सुरू होते. संशय राहिलाच तर रोप उपटून मुळे धुवावीत. लोहाने बाधलेल्या रोपाची मुळे जाड, काळपट तपकिरी लेपाने माखलेली असतात व पांढरी नवी मुळे शोधूनही सापडत नाहीत. कुजक्या अंड्याचा वास आला तर गंधकाचे विषही जोडीला आहे असे समजावे.

या दोन्ही दुखण्यांवर युरिया हे औषध नव्हे. पण युरियाच का घातला जातो याचे कारण शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. 2010 साली स्फुरद व पालाशाच्या खतांची किंमत बाजारावर सोपविली गेली, युरियाची सरकारने बांधून ठेविली. आज युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, डीएपीची पन्नास किलोची तेराशेच्या पुढे जाते. हातात पैसा कमी असलेला माणूस काय उचलील? परिणाम असा की पिकाला नत्र मिळते, पालाश मिळत नाही. आणि लोहाला अडविणारी मुळाची राखण पालाश कमी पडले की प्रथम ढिली होते. पिकाने उचललेल्या पालाशाचा बहुतांश भाग दाण्यात नसून तणसात असतो. तणस गोठ्यात जाते. त्याचे शेण शेतात परतले तर हिशेब जुळतो. गोवऱ्या होऊन चुलीत गेले तर पालाश राखेत राहतो, आणि ती राख उकिरड्याबाहेर पडली की शेताचे नुकसान दरवर्षी वाढत जाते.

लोहावरचा खरा उपाय पाणी हटविणे हा आहे. रोवणीनंतर पंचवीस-तीस दिवसांनी बांधीतले पाणी काढून आठवडाभर माती फक्त ओली ठेवावी. हवा आत जाते, विरघळलेले लोह पुन्हा गंज बनून बसते, आणि पांढरी मुळे फुटू लागतात. सांगावयास हे सोपे आहे. परंतु शेतकरी विचारतो, “पानी सोडा म्हनता साहेब, अन् मंग देव नाही बरसला त?” या प्रश्नाला आमच्याजवळ पुस्तकातले उत्तर नाही. ज्याच्या वर मामा तलाव भरलेला आहे त्याने निर्धास्त पाणी सोडावे. ज्याच्याजवळ बोडीही नाही, त्याला तसे सांगण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाही. त्याने निदान ती एक आजारी बांधी तेवढी मोकळी करावी, सारे शेत नव्हे. आणखी एक अडचण शेजाराची. आपल्याकडे पाणी बांधीतून बांधीत उतरते. वरच्याने सोडलेले लोहाचे पाणी खालच्याच्या धानात जाते. पायथ्याला एक चर खणून ते नाल्याला नेऊन सोडणे हे दोघांनी मिळूनच होण्यासारखे काम आहे, आणि ते उन्हाळ्यातच होते. युरिया देणे असेल तर पाणी सोडण्याच्या तोंडाशी देऊ नये. अर्धे नत्र हवेतच जावयाचे.

एरवी पुण्यकारक ठरणाऱ्या काही गोष्टी या बांध्यांत घातक ठरतात, हे सांगितले पाहिजे. हिरवळीचे खत उत्तम. पण पाझराच्या बांधीत ताजा पाला वा ओले शेण चिखलात गाडले तर जंतूंना भरपूर अन्न मिळून लोह अधिकच विरघळते. तेथे पूर्ण कुजलेलेच खत घालावे. तलावाचा गाळ वर्डीच्या हलक्या जमिनीला वरदान आहे, पण तो वाळवून, वारा देऊन टाकावा. खालच्या कन्हारला त्याची गरजही नसते. आम्ल जमिनीत चुना लोहाला आवरतो, परंतु जास्त झाला की जस्त रोखून धरतो. एका दुखण्याचे औषध दुसऱ्याचे कारण होते, म्हणून चुना माती तपासल्यावाचून टाकू नये. जस्त कमी आहे असे ठरले तर हेक्टरी पंचवीस किलो झिंक सल्फेट चिखलणीच्या वेळी द्यावे. ते दोन-तीन हंगाम पुरते, दरवर्षी लागत नाही. स्फुरदाच्या खतात मात्र ते मिसळू नये.

माती तपासणीविषयीही एक सावधगिरी हवी. 2015 पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. त्यांत बारा गोष्टींचे मोजमाप असते; जस्ताचा व पालाशाचा आकडा तेथे जरूर पाहावा. पण नमुना वाळवून तपासला जातो, आणि धान उभे असते चिखलात. कोरड्या मातीचा लोहाचा आकडा बुडालेल्या बांधीतले विष सांगू शकत नाही. त्यासाठी श्रावणात बांधीत उतरून एक रोप उपटून धुण्यावाचून गत्यंतर नाही. आणि नमुना घेतानाही वरच्या वर्डीची व पायथ्याच्या कन्हारची माती एका पिशवीत कालवू नये. दोन्हींची सरासरी काढलेला कागद दोहोंपैकी एकाही शेताचा नसतो.