मांजराच्या पेटीत धानाचा तूस चालेल का?

अंगण असलेल्या घरात हा प्रश्न येत नाही. मांजर परसात जाते, माती उकरते, काम उरकते आणि झाकून मोकळे होते. गोंदियात आता फ्लॅट वाढले आणि मांजरही वरच्या मजल्यावर राहायला आले. मग घरात पेटी ठेवणे आले आणि त्या पेटीत घालायचे काय, हा प्रश्नही आला.

बाजारातले ‘कॅट लिटर’ बहुधा बेंटोनाइट या मातीचे असते. ओल लागताच ती फुगते, तिचा गोळा होतो आणि तो उचलून टाकता येतो. सोय मोठी, पण ही माती खाणीतून येते, कुजत नाही आणि दर महिन्याला खर्च लावते. अगदी लहान पिल्ले ती खाण्याचा धोका असतो, म्हणून त्यांच्यासाठी गोळा होणारी माती टाळावी. घरात मातीची पेटी रुळली ती 1947 नंतर. त्या वर्षी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लोव यांनी शेजारणीला राखेऐवजी शोषक माती दिली. त्याआधी राख आणि वाळूच चालत असे.

मग आपल्या धानाच्या जिल्ह्यात तूस का नको? 100 किलो धान भरडले की साधारण 20 किलो तूस निघतो. तो हलका आहे, कुजतो आणि स्वस्तही आहे. अडचण एकच: तुसात सिलिका भरपूर असल्याने तो पाणी सहज शोषत नाही. घरीच पाहा. वाटीभर तुसात दोन चमचे पाणी घाला आणि दहा मिनिटांनी वाटी कलती करा. तळाशी पाणी जमले, तर लघवीही तशीच साचणार. तूस दळून, दाबून केलेल्या गोळ्या याहून बऱ्या.

आरा गिरणीतला लाकडाचा भुसा ओल चांगली धरतो. मात्र तो कोरडा आणि जाडसर हवा. बारीक धूळ मांजराच्या आणि दमेकऱ्यांच्या श्वासात जाते. रंग किंवा पॉलिश लागलेल्या लाकडाचा भुसा नको. फाडलेले वर्तमानपत्र आजारी किंवा शस्त्रक्रिया झालेल्या मांजराला बरे, पण वास रोखत नाही. चुलीची राख ओली झाली की क्षारयुक्त होते आणि पंजे चुरचुरतात, म्हणून ती टाळावी. घरच्या घरी करायचे तर तळाला कागदाचे जाड थर, वर दोन इंच लाकडाचा भुसा आणि त्यात थोडा तूस, असे मिश्रण करून पाहावे.

बदल हळूहळू करा. जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवस घ्या. मांजराला वास आणि स्पर्श दोन्ही खटकतात. सुगंधी लिटर माणसाला आवडते, त्याला नाही. मांजरे जितकी, त्यापेक्षा एक पेटी जास्त ठेवावी.

आता आरोग्याचे. मांजराच्या विष्ठेतून ‘टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय’ हा परजीवी पसरू शकतो. नाव ऐकून दचकू नका, गोंदियाशी त्याचा संबंध नाही. 1908 मध्ये तो उत्तर आफ्रिकेतल्या गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. विष्ठेतून पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणून पेटी रोज साफ करणे हाच मोठा उपाय. गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाल्यास बाळाला धोका असतो, तेव्हा हे काम घरातल्या दुसऱ्याने करावे. तसे कोणी नसेल तर हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही ही लागण होते. वापरलेला भुसा नैसर्गिक आहे म्हणून भाजीच्या वाफ्यात टाकू नका. ओल्या मातीत हा परजीवी कित्येक महिने टिकतो.

पेटी साफ करताना एक नजर मांजराकडेही असू द्या. बोका वारंवार पेटीत बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही, तर चूक भुशाची समजून बसू नका. मूत्रमार्ग अडला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. पेटीतली ओल रोज दिसते, म्हणूनच ती कधी दिसली नाही हेही लगेच कळते.