डाव्या कोपऱ्यातले ८९ गुण

जयपूरच्या मानसरोवरमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी वाचकांचे पत्र आले आहे. नातू कबड्डीवेडा, त्यात गाव जयपूर पिंक पँथर्सचे. पत्रातला प्रश्न असा : ‘‘आमच्या अंकुश राठीने प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामात, २०२२ साली, पदार्पणातच पकडींचे ८९ गुण मिळवले. संघ विजेता, हा सर्वोत्तम बचावपटू. पुढच्या हंगामात मात्र तो आकडा काही त्याला गाठता आला नाही. नातू म्हणतो नजर लागली, मी म्हणतो डोक्यात हवा गेली. तुमचं विज्ञान काय म्हणतं?’’

विज्ञान दोघांनाही गप्प बसवते. नजरेला ते मानत नाही, हे नातवाने ओळखलेच असेल. पण आजोबांच्या ‘हवे’लाही पुरावा नाही, आणि ती समजूत अधिक चिवट आहे. पहिले वर्ष दणक्यात, दुसरे मवाळ ही तक्रार क्रिकेटपासून सिनेमातल्या नवोदितांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. बहुतेक वेळा त्यामागे फक्त अंकगणित असते.

अंकुश डावा कोपरारक्षक, तेव्हा आधी कोपरारक्षकाचे काम जवळून पाहू. चढाईपटू बोनससाठी निदान रेषा ओलांडून आत येतो, एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकतो, आणि त्या क्षणी नियमाप्रमाणे त्याचा मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे सत्तर-ऐंशी किलोचा गडी क्षणभर एका पायावर तोललेला. कोपरारक्षक याच क्षणाची वाट पाहत दबा धरून असतो. तो झेपावतो, दोन्ही हातांनी घोटा आवळतो आणि मध्यरक्षक धावून येईपर्यंत सोडत नाही. घामाने बोटे सरकली, साथीदार अर्धा पाऊल उशिरा पोहोचला, चढाईपटूची बोटे मध्यरेषेला जेमतेम टेकली, की तीच पकड समोरच्या संघाचा गुण होते. कौशल्य सगळे पणाला लागते, पण शेवटच्या वीतभर अंतरात नशीबही आपला वाटा घेते.

तो वाटा किती, हे मोजता येते. एकेक करून जमा होणाऱ्या घटनांच्या संख्येत आपोआप होणारी वर-खाली साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. ८९चे वर्गमूळ साडेनऊच्या जवळपास. खेळाडूत कणभर बदल झाला नाही तरी आकडा नऊ-दहाने इकडेतिकडे होणारच. एका सामन्यात तर कोपरारक्षकाला सरासरी तीन-चार गुण आणि डुगडुग जवळजवळ दोनाची. एका सामन्यावरून कुणाला ‘नवा तारा’ ठरवणाऱ्या समालोचकांनी हे वर्गमूळ भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही. (पकडीचा एखादा गुण जोडीने येतो, ‘अव्वल पकडी’ला जादा गुण मिळतो, त्यामुळे खरी डुगडुग याहून थोडी जास्तच भरेल.)

आता एक काल्पनिक लीग घ्या. बारा संघ, प्रत्येकात दोन कोपरारक्षक, एकूण २४. सगळ्यांची कुवत तंतोतंत सारखी, हंगामाला ६० गुणांची. तरीही हंगाम संपल्यावर यादीत पहिला ७५च्या आसपास दिसेल आणि शेवटचा ४५च्या आसपास. पहिल्याला करंडक आणि लिलावात घसघशीत बोली, शेवटच्याला डच्चू. पुढच्या हंगामात फासे नव्याने पडतात. ७५वाला पुन्हा साठीच्या घरात येतो, आणि आपण म्हणतो, पैसा पचला नाही. डच्चू मिळालेल्याला कुणी ठेवून घेतले असेल तर त्याचेही साठ होतात, आणि आपण नव्या प्रशिक्षकाचे कौतुक करतो. प्रशिक्षकही ते नम्रपणे स्वीकारतात!

खऱ्या लीगमध्ये कुवत सारखी नसते, हे उघड आहे. ८९ गुण नुसत्या नशिबावर मिळत नाहीत. पण यादीच्या टोकाला पोहोचणाऱ्याच्या बाजूने त्या वर्षी कौशल्य आणि दैव दोन्ही असण्याचा संभव मोठा. दुसऱ्या वर्षी कौशल्य सोबत येते, दैवाची हमी नाही.

हे पहिल्यांदा नीट मोजले फ्रान्सिस गाल्टनने. १८८६ साली त्याने २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुले यांच्या उंचीचा तक्ता छापला. फार उंच आईबापांची मुले उंच, पण सरासरीच्या जरा जवळ सरकलेली. बुटक्यांची मुले बुटकी, पण तीही जरा सरकलेली. हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळा-कॉलेजात वाचलेले असते. वाचलेले नसते ते पुढचे : तक्ता उलटा वाचला तरी तेच दिसते. फार उंच मुले निवडा आणि त्यांच्या आईबापांकडे जा, तर आईबाप सरासरीच्या जवळ! मुलांमुळे आईबापांची उंची घटली असे कुणी म्हणणार नाही. म्हणजे या घसरणीला कारण लागतच नाही. टोकाचे नमुने निवडले की दुसऱ्या मोजणीत ते आत सरकतात, मग ती मोजणी आधीची असो वा नंतरची.

हा धडा विद्वानांच्याही गळी लवकर उतरला नाही. अमेरिकेत होरेस सेक्रिस्ट या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे उद्योगधंद्यांचे आकडे गोळा करून १९३३ साली जाडजूड ग्रंथ काढला. त्यांचा निष्कर्ष असा, की सर्वांत फायद्यातल्या कंपन्या काही वर्षांत मध्यम होतात, तोट्यातल्या सावरतात, म्हणजे स्पर्धा सगळ्यांना सुमार करून सोडते. गणिती हॅरॉल्ड होटेलिंग यांनी परीक्षणात दाखवले, की निवडीची पद्धतच अशी आहे की दुसरे काही निघूच शकत नाही. सेक्रिस्ट चिडले, पत्रापत्री झाली. तेव्हा होटेलिंगनी सुनावले त्याचा आशय असा : हत्ती रांगांत उभे करून पाढे सिद्ध करायचे, आणि मग तेच इतर प्राण्यांवर करून पाहायचे, तशातला हा उद्योग आहे. क्रीडापानांवर हे हत्ती आजही दर हंगामात उभे राहतात.

अंकुशच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आणखी एक डावा कोपरारक्षक आहे, इराणचा मोहम्मदरेझा शाडलुई. गंमत म्हणजे आठव्या हंगामात त्याचेही पदार्पण पकडींच्या ८९ गुणांनीच झाले आणि तोही सर्वोत्तम बचावपटू ठरला. पुढचे आकडे : नवव्या हंगामात ८४, दहाव्यात ९९, अकराव्यात ८२. पहिले दोन हंगाम पाटणा पायरेट्सकडे, तिसरा पुणेरी पलटणकडे २ कोटी ३५ लाखांना, चौथा हरियाणा स्टीलर्सकडे. ८४वर घसरला तेव्हा त्याचे काय चुकले आणि ९९ला पोहोचला तेव्हा काय सुधारले, यावर रकानेच्या रकाने भरता येतील. पण चारही हंगामांची सरासरी काढा, ८८.५ येते. तिच्याभोवतीची वर-खाली वर्गमुळाच्या हिशेबाने नऊ-साडेनऊची असायला हवी. प्रत्यक्षात तीही त्याहून कमी आहे. म्हणजे चार वर्षांच्या चढ-उताराला दैवाखेरीज दुसरे स्पष्टीकरण देण्याची गरजच पडत नाही. खेळाडू बहुधा पहिल्या दिवसापासून तेवढाच चांगला होता. (पुणे आणि हरियाणा हे दोन्ही संघ त्या-त्या वर्षी विजेते झाले. त्याला निव्वळ योगायोग म्हणायला मीही धजावणार नाही.)

कोपऱ्याच्या बाबतीत मात्र वर्गमुळाने भागत नाही. कोपरारक्षकाला किती संधी मिळणार हे प्रतिस्पर्धी ठरवतो. ज्याचे हात पहिल्या हंगामात सर्वांनी पाहिले, त्याच्या बाजूला दुसऱ्या हंगामात पाय कोण टाकणार? चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे वळतो, आणि डावा कोपरारक्षक उत्तम असल्यामुळेच बेकार बसतो. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकन फुटबॉलमध्ये सापडते. तिथल्या कॉर्नरबॅकचे काम साधारण असेच : कडेला उभे राहून पास झेलायला धावणाऱ्याला रोखायचे. न्यूयॉर्क जेट्सच्या सॉस गार्डनरने २०२२ साली पदार्पणात २० पास अडवले, लीगमध्ये सर्वाधिक, आणि दोन हिसकावून घेतले. दुसऱ्या वर्षी अडवलेले ११, हिसकावलेला एकही नाही. आकड्यांच्या भाषेत सपशेल घसरण. तरीही वर्षातल्या सर्वोत्तम संघात त्याची निवड दोन्ही वेळा झाली, कारण जाणकारांना दिसत होते की त्याच्या दिशेने चेंडू फेकायलाच लोक कचरतात. चेंडू न येणे हीच त्याची कमाई, पण गुणफलकात तिला रकाना नाही.

चढाईपटूचे तसे नाही. तो स्वतः चढाईला जातो, सामन्यात अनेकदा जातो, त्यामुळे त्याचा नमुना मोठा आणि आकडा तुलनेने स्थिर. आपल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई आठवतो? सहाव्या हंगामात यू मुंबाकडून पदार्पण, चढाईचे २१८ गुण. त्यावर तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. आता ‘पैसा डोक्यात जाण्याचा’ सिद्धांत खरा असता तर इथे तो दिसायला हवा होता. सातव्या हंगामातले त्याचे चढाईचे गुण : २१७.

मग नवोदिताचा पहिला आकडा वाचायचा कसा? तो जसाच्या तसा न धरता गटाच्या सरासरीकडे थोडा ओढून घ्यायचा. नमुना जितका लहान तितका अधिक. याची प्रसिद्ध चाचणी ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी बेसबॉलवर घेतली. १९७०च्या हंगामातले १८ फलंदाज, प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधी. त्यांत रोबर्टो क्लेमेंटे ०.४०० वर होता, उरलेल्या हंगामात तो ०.३४६ वर आला. अठराही जणांचे आकडे सरासरीकडे ओढून केलेला अंदाज मूळ आकड्यांपेक्षा एकूणात साडेतीन पट अचूक निघाला. पण एकट्या क्लेमेंटेच्या बाबतीत त्याने जरा जास्तच ओढले होते, हे सांगायला हवे. गटाचे भले होते, प्रतिभावंतावर अन्याय होऊ शकतो.

थोड्या पुराव्यावरून अंदाज बांधायचा तर आधीचे ज्ञान हिशेबात घ्या, असे आग्रहाने सांगणाऱ्यांत केंब्रिजचे हॅरॉल्ड जेफ्रीझ होते. मूळचा गडी भूभौतिकीचा. पृथ्वीचा गाभा द्रवरूप आहे हे त्यांनी १९२६ साली दाखवले. (खंड सरकतात हे मात्र शेवटपर्यंत मानले नाही, आधीचे ज्ञान फार घट्ट धरण्याचा धोकाही असा.) या जेफ्रीझ यांचे शिष्य होते वसंत शंकर हुजूरबाजार, १९१९ साली कोल्हापुरात जन्मलेले. ज्या पद्धतीने जगभर आजही आकड्यांवरून ‘सर्वाधिक संभाव्य’ उत्तर शोधतात, तिच्या समीकरणाला अनेक उत्तरे असली तरी भरवशाचे उत्तर एकच आणि तेच शिखरावरचे असते, हे त्यांनी १९४८च्या निबंधात सिद्ध केले. निबंध छापला गेला तो ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये, गाल्टनच्याच परंपरेतल्या नियतकालिकात. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला, १९६०चा केंब्रिजचा अ‍ॅडम्स पुरस्कार त्यांना मिळाला, १९७४ साली पद्मभूषण. संख्याशास्त्राच्या भारतीय कथेत महालनोबिस येतात, राव येतात, ते रास्तच आहे. हुजूरबाजारांचे नाव मात्र पुण्याबाहेर विचारले तर दहातल्या नऊ पदवीधरांच्या कपाळाला आठ्या पडतील. आकड्यांवर पोट भरणाऱ्या आजच्या क्रीडाविश्लेषक कंपन्यांनी तरी ते ठाऊक करून घ्यावे.

तेव्हा मानसरोवरच्या आजोबांना एक विनंती. पुढच्या हंगामात नातवाच्या हाती वही द्या. पकडी मोजू नका, त्या कुणीही मोजते. प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक चढाई डाव्या कोपऱ्याकडे गेली की उजव्या, एवढीच खूण करायला सांगा, आणि अंकुशच्या संघाचे सगळे सामने झाले की ती वही आमच्याकडे पाठवा. अंकुशच्या कोपऱ्याकडे चढाया कमी येत असतील, तर घसरलेल्या आकड्याचा अर्थ उलटा लावावा लागेल.