केशवराव भोसले नाट्यगृह : जळाले काय, उरले काय



कोल्हापूरला गुळाच्या सौद्याला किंवा खासबागेत कुस्तीला गेलेल्यांनी मैदानाला लागून असलेले दगडी नाट्यगृह पाहिले असेलच. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले होते. तिथली नाट्यगृहे पाहून, आपल्या रयतेलाही असे काही हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. ज्या राजाने शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, राधानगरी धरणाचे काम काढले, त्याच राजाने १९१५ साली हे ‘पॅलेस थिएटर’ पुरे केले. पाणी, बाजारपेठ, तालीम आणि नाटक, रयतेला चारही लागतात, हा त्यामागचा हिशेब.

पुढे १९५७ साली त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. हा कोल्हापूरचाच गडी. १८९० चा जन्म. १९०८ साली त्यांनी ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. १९२१ च्या जुलैत मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केले आणि त्याच वर्षी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृहाला आग लागली. छप्पर, रंगमंच, खुर्च्या खाक झाल्या. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला.

नाट्यगृह एवढ्या झपाट्याने का पेटते? लाकडी फळ्या, पडदे, गाद्या, तारांची जाळी, सगळे जळाऊ. त्यात रंगमंचावरची उंच पोकळी म्हणजे गुऱ्हाळाच्या चुलवाणाचे धुराडेच. आग वर ओढली जाते. म्हणून रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये न जळणारा पडदा, वरून पाण्याचे फवारे आणि वायरिंगची वरचेवर तपासणी लागते.

भिंती उरल्या म्हणजे काम सोपे झाले, असेही नाही. तापलेल्या दगडाचे पापुद्रे सुटतात, सांध्यातला चुना भुसभुशीत होतो. नवे छप्पर चढवण्याआधी भिंतीचा कस पाहावा लागतो. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आतच कोंडते आणि भिंत आतून खराब होते. तिथे चुनाच हवा.

हे शहरातले झाले. पण गावात देवळापुढचा जत्रेचा रंगमंच आपलाच आहे ना? हंगाम संपला की कारखान्यात मिल खोलतात, बॉयलर तपासतात. ‘गेल्या साली चालली, औंदाबी चालेल’ असे कुणी म्हणत नाही. मग रंगमंचाच्या पत्र्याला, खांबाला, उघड्या तारांना तोच न्याय का नको? जत्रेच्या महिनाभर आधी गावातला जाणता सुतार आणि वायरमन यांना एकदा तिथे उभे करा. दुरुस्तीला लागतो त्याच्या कितीतरी पट पैसा पुन्हा उभारायला लागतो, आणि गेलेले लाकूड काही परत येत नाही.