डिस्ने वर्ल्डमधलं आगाऊ पैशांचं जेवण

मुलगा-सून किंवा मुलगी-जावई अमेरिकेत असले की आई-बाबांच्या मुक्कामात फ्लोरिडाची एक फेरी ठरलेली असते. नातवंडं असतील तर विचारायलाच नको. ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार थीम पार्क आहेत आणि कंपनीची स्वतःची वीस-पंचवीस हॉटेलं. त्यातलं एखादं ऑनलाइन घेताना खोली आणि तिकिटं निवडून झाली की पुढचा प्रश्न येतो: जेवणाचा ‘डायनिंग प्लॅन’ हवा का? इथे आपली जुनी सवय लगेच मान डोलावते. आपल्या सहली चहा-नाश्ता-दोन्ही जेवणांसकट विकल्या जातात. परक्या मुलखात दर वेळी पाकीट बाहेर काढायला नको, असं आजोबांनाही वाटतं.

हा प्लॅन २००५ साली सुरू झाला, करोनामुळे २०२० मध्ये बंद पडला आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाला. त्याचे दोन प्रकार आहेत. स्वस्त प्रकारात मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे माणशी काउंटरवरची दोन जेवणं आणि एक खाऊ मिळतो. महाग प्रकारात काउंटरवरचं एक जेवण, टेबलावर बसून मागवायचं एक जेवण आणि एक खाऊ. दोन्हींसोबत पुन्हापुन्हा भरता येणारा एक मग. २०२४ मध्ये प्लॅन परतला तेव्हा मोठ्या माणसाला स्वस्त प्रकार रात्रीमागे ५७.०१ डॉलरना होता आणि महाग प्रकार ९४.२८ डॉलरना. ३ ते ९ वर्षांच्या मुलांना अनुक्रमे २३.८३ आणि २९.६९ डॉलर. दर त्यानंतर वाढले आहेत, पण हिशेबाची रीत तीच आहे, म्हणून पुढे हेच आकडे धरतो.

‘एकदा पैसे भरले की जेवणाची चिंता मिटली’

सगळ्यात जास्त रुजलेला समज हाच, आणि तो तीन ठिकाणी चुकतो.

एक म्हणजे टिप. २००८ पर्यंत टेबलावरच्या जेवणात टिप धरलेली होती, सुरुवातीचा पदार्थही होता. त्या वर्षी दोन्ही काढले. आज मुख्य पदार्थ, गोड आणि एक पेय एवढंच मिळतं. टिप वेगळी द्यावी लागते आणि ती जेवणाच्या मूळ किमतीवर मोजतात. चौघांच्या जेवणाची किंमत २४० डॉलर असेल, तर १८ ते २० टक्क्यांनी ४३ ते ४८ डॉलर खिशातून जातात, तेही ‘सगळं भरलेलं आहे’ असं समजून निवांत बसलेल्या माणसाच्या. मंडळी सहा किंवा जास्त असतील तर १८ टक्के बिलातच धरून येतात.

दुसरं, प्लॅन घेतला म्हणजे जागा मिळाली असं होत नाही. टेबलाचं आरक्षण वेगळं करायचं असतं आणि ते ६० दिवस आधी खुलं होतं. सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या रेस्टॉरंटसारख्या जागा पहिल्या काही तासांत भरतात. प्लॅनमधलं एक जेवण म्हणजे एक ‘क्रेडिट’, आणि त्या किल्ल्यातल्या जेवणाला एका माणसामागे दोन क्रेडिट लागतात. म्हणजे चार रात्रींच्या मुक्कामातली अर्धी टेबल-जेवणं एका दुपारीच संपतात. नातीचा हट्ट असेल तर जरूर जा, पण हे आधी माहीत असू द्या.

तिसरं, रात्री आणि दिवस यांतला फरक. सोमवारी सकाळी पोचून शुक्रवारी संध्याकाळी निघालात, तर दिवस पाच आणि रात्री चार होतात. जेवणं चार रात्रींचीच मिळतात. शिवाय सकाळचा नाश्ता वेगळा नसतो, तोही याच क्रेडिटांतून घ्यायचा. तिन्ही त्रिकाळ खाणाऱ्या घरात एक वेळ उघडीच राहते.

‘कंपनी ठोक भावात देते, म्हणजे स्वस्तच पडणार’

इथे जरा थांबून बेरीज करायला हवी. काउंटरवरच्या जेवणाचं एक क्रेडिट म्हणजे एक पदार्थ आणि एक पेय, मग त्याची किंमत काहीही असो. काउंटरवरचा सर्वांत स्वस्त पदार्थ घ्या की सर्वांत महाग, क्रेडिट एकच जातं. एकवीस वर्षांवरील माणसाला पेय म्हणून बिअर, वाईन किंवा कॉकटेलही घेता येतं. दर ठरवणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोण खवय्या असेल, हे यावरून कळतं: दोन्ही वेळा मांसाचा भरगच्च पदार्थ, सोबत बिअर, वर केक.

आता आपल्या घरातला शाकाहारी, न पिणारा मोठा माणूस घेऊ. काउंटरवर शाकाहारी बोल, पिझ्झा किंवा वनस्पतीजन्य बर्गर सुमारे १३ डॉलरला पडतो असं धरा. थंड पेय ५ डॉलर, खाऊ ७ डॉलर. दोन जेवणं आणि एक खाऊ मिळून ४३ डॉलर. त्यावर ऑरेंज काउंटीचा साडेसहा टक्के विक्रीकर धरला की जवळजवळ ४६. मगची किंमत २२ डॉलरच्या आसपास; चार रात्रींत वाटली तर रोज साडेपाच. एकूण सुमारे ५१. भरलेले मात्र ५७.

पण खरा हिशेब याहून वाईट आहे, कारण आपली माणसं प्रत्येक जेवणाबरोबर कोला पीत नाहीत. डिस्नेच्या काउंटरवर बर्फ घातलेलं पाणी मागितलं की फुकट मिळतं. आणि तो मग पार्कमध्ये चालत नाही, फक्त हॉटेलांतल्या मशीनवर भरता येतो. दिवसभर पार्कमध्ये फिरणाऱ्याला त्याचा उपयोग सकाळी आणि रात्री, तोही चहा-कॉफी पिणाऱ्याला. तुमच्या मनातला चहा तिथे नसतो. गरम पाण्याचा नळ आणि टी-बॅग असते. पेयं आणि मग वगळले तर तोच दिवस ३५ डॉलरमध्ये निघतो. रोज माणशी बावीस डॉलर जास्त भरले. चार मोठी माणसं आणि चार रात्री म्हटलं तर साडेतीनशे डॉलर. एवढ्यात आणखी एका रात्रीची साधी खोली मिळते.

उलट बाजूही आहे. तोच माणूस दोन्ही वेळा दहा-अकरा डॉलरची बिअर घेत असेल, मगही वापरत असेल, तर बेरीज साठच्या पुढे जाते आणि प्लॅन फायद्यात येतो. तेव्हा प्लॅन बरा की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्या टेबलावर कोण बसलं आहे, यावर उत्तर ठरतं.

महाग प्रकारात फायद्याची जागा एकच: बुफे, विशेषतः मिकी-गूफी टेबलापाशी येऊन भेटतात तो. कंटेम्पररी हॉटेलातल्या ‘शेफ मिकीज’चं रात्रीचं बुफे २०२४ मध्ये मोठ्यांना ६० डॉलरच्या वर होतं, मुलांना ४० च्या आसपास. रोज अशा ठिकाणी जेवलात तर ९४ डॉलर वसूल होतात. फक्त बुफेची किंमत कोळंबी आणि कापून वाढलेल्या मांसासकटची असते. आजीने सॅलड, बटाटे आणि पाव खाल्ला तरी तिचं क्रेडिट पूर्ण जातं.

‘मुलं कुठे एवढं खातात? त्यांच्यासाठी नकोच’

हे नेमकं उलटं आहे. ३ ते ९ वयाच्या मुलांना हा प्लॅन बहुतेक वेळा परवडतो. महाग प्रकारात मुलामागे २९.६९ डॉलर भरायचे आणि वर सांगितलेलं एकच बुफे चाळीसच्या घरात. ते पानात काय टाकतं आणि काय खातं, याने फरक पडत नाही. दर दारातच लागतो.

इथे कंपनीने एक कडी घातली आहे. एका आरक्षणातल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी तोच प्लॅन घ्यायचा असतो. मुलापुरता घेऊ म्हटलं तर जमत नाही. यावर सरळ उपाय आहे: आजी-आजोबांची खोली वेगळ्या आरक्षणात घ्या आणि त्यांना प्लॅनमधून मोकळं ठेवा. चार मोठी माणसं आणि एक मूल अशा पाच जणांच्या कुटुंबात सगळ्यांनी महाग प्रकार घेतला तर चार रात्रींचे १,६२७ डॉलर होतात. त्यातले ७५४ केवळ आजी-आजोबांचे.

आणखी एक फट. डिस्नेच्या हिशेबात दहाव्या वाढदिवशी मूल मोठं होतं. पाचवीतला मुलगा ९४ डॉलर भरून चिकन नगेट्स खाणार असेल तर त्याच्यावरचा तोटा घरात सर्वांत मोठा. तीन वर्षांखालच्या बाळाला प्लॅन लागत नाही. ते आईच्या ताटातलं खातं.

‘मोफत जेवणाची ऑफर सोडू नये’

डिस्ने अधूनमधून जेवण मोफत देऊ करते. अशा ऑफरमध्ये खोली सहसा पूर्ण दराने घ्यावी लागते. त्याच तारखांना खोलीवर सवलत चालू असेल, तर ती आणि जेवण यांतलं एकच मिळतं. २०२६ साठी ३ ते ९ वर्षांच्या मुलांना प्लॅन मोफत जाहीर झाला, त्यालाही अट आहे: मोठ्यांनी प्लॅनसह बिनसवलतीचं पॅकेज घ्यायचं. साध्या हॉटेलातल्या पाच जणांना ही ऑफर बरी पडू शकते. महागड्या हॉटेलात दोघंच राहत असतील तर खोलीवरची सवलतच बहुधा जास्त भरते. दोन्ही किमती शेजारी मांडल्याशिवाय ठरवू नका.

‘रोजचं रोज संपवावं लागतं’

नाही. क्रेडिट मुक्कामभर कसेही वापरता येतात, एका दिवशी तीन आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही, असंसुद्धा. संपतात ते चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री, आणि उरलेल्याचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून शेवटच्या सकाळी हॉटेलातल्या दुकानात खाऊचे उरलेले क्रेडिट घेऊन लोक चॉकलेटं आणि बिस्किटांचे पुडे गोळा करताना दिसतात. त्याला बचत म्हणावी का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

‘बाहेरचं नेऊ देत नाहीत, मग करणार काय?’

खंडाळ्याच्या घाटाखालचं असो की मुंबईजवळचं, आपल्याकडच्या पार्कांच्या फाटकावर डबे काढून घेतात. त्या अनुभवातून हा समज तिकडे गेला आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःपुरतं खाणं आणि मद्याशिवायची पेयं नेता येतात. काचेच्या बरण्या चालत नाहीत (बाळाच्या खाण्याच्या सोडून), गरम करावं लागेल किंवा फ्रीजमध्ये ठेवावं लागेल असं चालत नाही, आणि उग्र वासाचंही चालत नाही. लसणाची चटणी घरी ठेवा. दशम्या, धपाटे, ठेपले, चिवडा, खाकरा, केळी यांना कुणी हरकत घेणार नाही. ऑरलँडोत भारतीय किराणा मालाची दुकानं आहेत. दुपारचं जेवण पाठीवरच्या पिशवीतून निघालं तर प्लॅनमधलं एक जेवण आपोआप फुकट जातं, आणि आपल्या बहुतेक घरांत ते तसंच होतं.

शाकाहाराचं म्हणाल, तर पूर्वीइतके हाल आता नाहीत. वनस्पतीजन्य पदार्थांसमोर मेनूत पानाचं चिन्ह असतं. ॲनिमल किंगडम लॉजमधल्या ‘सना’ या रेस्टॉरंटात भारतीय धर्तीच्या रोट्या आणि चटण्या मिळतात, बाहेर कुरणात जिराफ फिरत असतात. आजोबांना एक संध्याकाळ तिथे न्याच, रोख पैसे भरून.

तरी माणसं का घेतात?

कारण हिशेबात बसत नाही असं एक सुख त्यात आहे. ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकांनी १९९८ मध्ये दाखवलं की कपडे धुण्याच्या यंत्राचे पैसे लोकांना नंतर द्यायला आवडतात, सहलीचे मात्र आधी. पैसे देण्याची बोच आधीच उरकली की सुट्टी मोकळ्या मनाने भोगता येते. ती बोच टाळण्याची किंमत लोक मोजतात, कधी फार जास्त मोजतात. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या जिमच्या सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा डॉलरला एक खेप मिळत असताना महिन्याचे पैसे भरणाऱ्यांना एक खेप सतरा डॉलरहून जास्त पडत होती. आपण भरपूर जाऊ, असं प्रत्येकाला भरताना वाटलेलं असतं. प्लॅन घेतानाही आपण भरपूर खाऊ, असंच वाटतं.

प्लॅनमुळे वागणूकही बदलते. टेबलावरच्या जेवणात तास-दीड तास जातो. एका दिवसाच्या तिकिटाला शंभरहून जास्त डॉलर मोजलेत आणि भूक नसताना ‘क्रेडिट वाया जाईल’ म्हणून रेस्टॉरंट गाठताय, तर राइडच्या रांगेतला तो वेळही खर्चातच धरायला हवा.

बटण दाबायच्या आधी एवढं करा. डिस्नेच्या संकेतस्थळावर प्रत्येक रेस्टॉरंटचा मेनू दरासकट दिसतो. घरातल्या प्रत्येकाला विचारून त्याचा एक दिवस कागदावर लिहा: काय खाल, काय प्याल, दुपारी डबा असेल की नाही. साडेसहा टक्के कर मिळवा. टिप दोन्हीकडे लागते, ती सोडून द्या. बेरीज प्लॅनच्या दराहून जास्त आली तर प्लॅन घ्या. कमी आली, तर ‘कटकट नको’ एवढ्या एका कारणासाठी घेऊ नका. तेच पैसे गिफ्ट कार्डवर आधी भरून ठेवा. बोच तीच वाचते, आणि कार्डवर उरलेले डॉलर मध्यरात्री संपत नाहीत.