जमीन, माणसे आणि महाविद्यालयीन शिक्षण

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते: मुलाने अथवा मुलीने पुढे काय घ्यावे? गेल्या काही वर्षांत या चर्चेत ‘रिअल इस्टेट’चा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या व्यवहारासंबंधीचा अभ्यासक्रम, हे नाव वारंवार ऐकू येऊ लागले आहे. गोव्यात जमिनीला आलेला भाव सर्वांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे हे साहजिकच म्हणावे लागेल. याउलट समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, इतिहास या विषयांचे नाव काढले, की ‘ते शिकून पोट कसे भरणार?’ असा प्रश्न विचारला जातो. एक शिक्षण पैशाचे आणि दुसरे नुसत्या पुस्तकांचे, अशी विभागणी पालकांच्या मनात पक्की झालेली दिसते. ही विभागणी कितपत खरी आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम स्थावर मालमत्तेच्या अभ्यासक्रमात काय शिकवितात ते पाहू. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ व नोंदणी कायदा, १९०८ यांची ओळख, मुद्रांक शुल्क, गृहकर्ज, बांधकामाचे नियम, विक्रीकला आणि मूल्यांकन हे त्यातील नेहमीचे विषय होत. पैकी मूल्यांकन हा गाभ्याचा विषय आहे. त्याची एक सोपी रीत अशी: एखाद्या दुकानाचे भाडे दरमहा १०,००० रुपये येत असेल, तर वर्षाचे १,२०,००० रुपये झाले. खर्चवेच बाजूला ठेवून गुंतवणुकीवर शेकडा ८ टक्के परतावा योग्य मानला, तर त्या दुकानाची किंमत सुमारे १५ लाख रुपये ठरते. गणित सोपे आहे. पाचवी-सहावीतला मुलगाही ते करील. पण हे उत्तर बरोबर येण्यासाठी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, त्या वास्तूवर कोणाचा कोणता हक्क आहे हे निःसंशय ठाऊक आहे. आपल्याकडे अडचण नेमकी तेथेच येते.

गोव्यातील एखाद्या भाटाचे उदाहरण घेऊ. एक-चौदाच्या उताऱ्यावर भोगवटादार म्हणून एका गृहस्थाचे नाव आहे. विकत घेणाऱ्याला आणि दलालाला तेवढ्यावर समाधान वाटते. परंतु भू-महसूल संहितेप्रमाणे त्या नोंदी विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खऱ्या मानावयाच्या असतात. मालकीचा अखेरचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे पाहता येत नाही. आता त्या भाटात कोपऱ्यावर एक जुने घर आहे. त्यात राहणारे कुटुंब तीन पिढ्यांपासून तेथे आहे. ते मुंडकार ठरले, तर १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्यांना बाहेर काढता येत नाही, शिवाय राहते घर विकत घेण्याचा हक्कही त्यांना मिळतो. खालच्या अंगाला भातशेती असेल, तर १९६४ च्या कूळ कायद्याचा आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांचा विचार करावा लागतो. आणि २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्या व्यक्तीस विकण्यावर निर्बंध आले आहेत. जमीन मुळात कोमुनिदादीची, म्हणजे गावकारीची, असल्यास प्रश्न आणखी निराळा.

एवढ्यावरही हे संपत नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आपल्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. वारसाहक्काने आलेली मालमत्ताही तिच्यात मिळते. त्यामुळे वडिलांच्या पश्चात चार भाऊ जमीन विकावयास निघाले, तर त्या चौघांबरोबर त्यांच्या बायकांच्याही सह्या लागतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची आणि तिच्या नवऱ्याचीही संमती लागते. मुंबई वा दिल्लीकडून आलेल्या खरेदीदाराला हे सांगितले, तर त्याला प्रथम खरे वाटत नाही. प्रस्तुत लेखकाने एका गावी असा व्यवहार पाहिला आहे. इसारा देऊन झाला, कुंपणाचे खांब आले, आणि मग परदेशी असलेल्या एका सुनेच्या सहीवाचून सर्व अडून राहिले. मधल्या काळात इसाऱ्याची रक्कम घराच्या दुरुस्तीत खर्च झालेली होती. भावाभावांतले बोलणे बंद झाले ते निराळेच.

त्या भाटात किती घरे आहेत, कोणाचे कोणाशी नाते आहे, गावकारी म्हणजे काय, पाण्याची वाट कोठून जाते, खाजनाचा बांध कोणी सांभाळावयाचा, या प्रश्नांची उत्तरे मूल्यांकनाच्या सूत्रात सापडत नाहीत. ती समाजशास्त्र, इतिहास आणि भूगोल यांच्या कक्षेत येतात.

जमीन व समाज यांचा एकत्र अभ्यास ही काही नवी कल्पना नव्हे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला, तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक झाले ते पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि त्या काळी नगररचनाकार म्हणून प्रसिद्ध होते. भारतातील अनेक शहरांसंबंधी त्यांनी अहवाल लिहिले. त्यांत बडोदे आणि इंदूर ही मराठी माणसांची जुनी वस्ती असलेली संस्थानी शहरेही होती. इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ चा आहे. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी घरांची ओळच्या ओळ पाडावयाची, या तत्कालीन पद्धतीस त्यांचा विरोध होता. आधी गल्लीबोळांतून पायी फिरावे, माणसे कशी राहतात ते पाहावे, आणि अगदी नडेल तेवढेच पाडावे, असे ते म्हणत. इंदुरात प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढविली आणि जेथील घरे लोकांनी सर्वांत स्वच्छ केली असतील त्याच रस्त्यांनी ती जाईल असे जाहीर केले, अशी हकिकत सांगितली जाते. आपल्या दारावरून मिरवणूक जावी यासाठी लोक झाडू घेऊन बाहेर पडले. माणसाच्या मनाची अशी पारख अभियंत्याच्या नकाशात नसते. पुढे भारतीय समाजशास्त्रात मोठे नाव मिळविणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे गेडिस यांचेच विद्यार्थी.

त्याच सुमारास पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली. तिचे पुस्तक १९१७ मध्ये निघाले. त्या गावी १७७१ साली खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. वाटण्या कशा झाल्या, कर्ज किती, पोटासाठी बाहेर कोण जातो, हे सर्व त्या पाहणीत घरोघर विचारून लिहिलेले आहे. आज ते गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत असून तेथे उंच इमारती उभ्या आहेत. ज्या शिवाराचा अभ्यास शेतीचे अर्थकारण समजण्यासाठी झाला, त्याच शिवाराची विक्री आता चौरस फुटांनी होते. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाने १९६२ मध्ये आपल्या मालमत्ता-व्यवस्थापनाच्या विभागाचे रूपांतर ‘भूमि-अर्थशास्त्र’ विभागात केले. तेथे कायदा, अर्थशास्त्र व पर्यावरण एकत्र शिकवितात.

आता व्यवहाराकडे वळू. स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायदा, २०१६, ज्याला सर्वजण ‘रेरा’ म्हणतात, त्यान्वये नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका वा भूखंड विकून देणाऱ्या दलालाला नोंदणी करावीच लागते. नोंदणीवाचून काम केल्यास दर दिवसाला १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र या केंद्रीय कायद्यात दलालासाठी शैक्षणिक पात्रता सांगितलेली नाही. महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने २०२३ मध्ये दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षा अनिवार्य केली. म्हणून ‘आमच्या अभ्यासक्रमावाचून दलाल होता येणार नाही’ असे एखादी संस्था सांगत असेल, तर ते कोणत्या राज्याच्या कोणत्या आदेशानुसार, हे लेखी मागावे. मोठी फी भरण्यापूर्वी पदवी कोणत्या विद्यापीठाची, हेही विचारावे.

मूल्यांककाचे तसे नाही. कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांनुसार जमीन व इमारतींचा नोंदणीकृत मूल्यांकक होण्यासाठी मुख्यत्वे स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला, नगररचना वा मूल्यांकन यांतील पदवी व अनुभव लागतो, आणि परीक्षा द्यावी लागते. कला शाखेच्या पदवीधराला केवळ दोन-तीन महिन्यांच्या वर्गाने ती मिळत नाही. परंतु त्याला एक दार उघडे आहे, आणि त्याची माहिती आपल्या अनेक शिक्षकांनाही नसते: दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयासारख्या संस्थांत नगरनियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला भूगोल, अर्थशास्त्र वा समाजशास्त्र घेऊन एम.ए. झालेले विद्यार्थीही अर्ज करू शकतात. ज्या मुलीला ‘भूगोल घेऊन काय करणार?’ असे घरी ऐकावे लागते, ती अशा रीतीने शहराचा आराखडा करणाऱ्यांत जाऊन बसू शकते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था (१९३०) आणि मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६) येथेही जमीन, पुनर्वसन व ग्रामीण अर्थकारण या विषयांचा दीर्घकाळ अभ्यास झालेला आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीला मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेण्याची सोय झाली आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने समाजशास्त्र, किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्र घेणे आता अवघड राहिलेले नाही. आपल्या महाविद्यालयात कोणती जोडी मिळते हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना एक उपक्रम सुचवावासा वाटतो. आपल्या गावातील एकच सर्वेक्षण क्रमांक घ्यावा. त्याचा एक-चौदाचा उतारा आणि नकाशा मिळवावा. मग पाच-सहा विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्या जागी जावे. कागदावर नसलेली पायवाट, विहीर, घुमटी, मुंडकाराचे घर, माडांना पाणी नेणारा पाट टिपून घ्यावा; आणि गावातील एखाद्या वृद्ध आजीला विचारावे की पूर्वी या जागेला काय म्हणत. उताऱ्यावर फक्त क्रमांक असतो. आजीला बहुधा नाव ठाऊक असते. दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवावीत.