आयएनएस शिवाजी: नव्या नौसैनिकाचे तांत्रिक शिक्षण

भारतीय नौदलात भरती झालेल्या अग्निवीराचे प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातील आयएनएस चिल्का येथे होते. परेड, पोहणे, शिस्त यांवर तिथे भर असतो. त्यानंतर शाखेनुसार वाटा फुटतात: विद्युत शाखेचे प्रशिक्षणार्थी जामनगरच्या आयएनएस वलसुराला जातात, तर इंजिन विभागाचे लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीला. हे केंद्र १९४५ पासून सुरू आहे.

इथे अंगमेहनतीला अभ्यासाची जोड मिळते, आणि नव्या मुलांना खरे जड तेच जाते. सकाळच्या कसरतीनंतर वर्गात डोळे जड होतात. यंत्रांची माहितीपुस्तके इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्यांनी सुटे भाग आणि त्यांची नावे रोज वहीत उतरवून ठेवलेली फार उपयोगी पडतात. लोणावळ्याच्या पावसात गणवेश वाळवणे हेही एक कामच असते.

हाताला वळण लावण्याची जागा म्हणजे कार्यशाळा. लोखंडाचा तुकडा कानशीने घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फट दिसली की पुन्हा घासायचे. यात घाई चालत नाही.

सर्वात विलक्षण भाग नुकसान-नियंत्रणाचा. जहाजाच्या कक्षासारख्या खोलीत भोकांतून पाणी जोरात आत येते, जमीन डोलते. प्रशिक्षणार्थी लाकडी पाचरी ठोकतात, मोठ्या भोकावर पट्टी दाबून तिला लाकडी टेकू देतात. एकट्याने ती पट्टी जागेवर राहत नाही. एकाने दाबायची, दुसऱ्याने टेकू ठोकायचा.